सरासरी जास्त, तरी पैज तोट्यात

सामना कोण जिंकणार यावर न लावता एखाद्या खेळाडूच्या एखाद्या आकड्यावर लावतात ती प्रॉप बेट. राज्यांना क्रीडासट्टा अधिकृत करण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे 2018 मध्ये रद्द केला आणि तिथे या पैजांचे पीक आले. त्यापाठोपाठ ‘आमचे मॉडेल सांगते’ म्हणणारेही आले.

गैरसमज: मॉडेलची सरासरी बुकीच्या आकड्यापेक्षा जास्त आली की ‘ओव्हर’ घ्यावे.

वस्तुस्थिती: बेसबॉलमधला एक पिचर घेऊ. बुकीचा आकडा साडेपाच स्ट्राइकआउटचा (पिचरने आपल्या फेकीवर तीन स्ट्राइकमध्ये बाद केलेले बॅटर), म्हणजे सहा झाले की ‘ओव्हर’ जिंकले. मॉडेलची सरासरी 5.8. हात शिवशिवतात ना? आता हेच 5.8 सरासरीवरून प्रत्येक आकड्याची शक्यता काढणाऱ्या पॉयसाँच्या सूत्रात घालून पाहा. सहा किंवा अधिक स्ट्राइकआउटची शक्यता येते 52.2 टक्के. भाव मात्र नेहमीचा: 100 डॉलर कमवायला 110 लावायचे. या भावात नुसती बरोबरी साधायला 110 भागिले 210, म्हणजे 52.4 टक्के वेळा जिंकावे लागते. पैज तोट्याचीच! सरासरी नेमकी 5.5 असती, तर ‘ओव्हर’ची शक्यता 47 टक्क्यांवरच थांबली असती. एखाद्या दिवशीचे दहा-अकरा स्ट्राइकआउट सरासरी वर ओढतात. पैजेच्या हिशेबात मात्र सहा काय नि अकरा काय, जिंकलेली पैज एकच.

शिवाय पॉयसाँ हेही गृहीतकच. पिचरला किती बॅटर मिळणार हे मॅनेजर त्याला कधी बाहेर काढतो यावर ठरते. तो अंदाज चुकला की पुढची दशांशस्थळे शोभेची.

गैरसमज: शंभरपैकी 55 पैजा जिंकल्या, म्हणजे मॉडेल सिद्ध झाले.

वस्तुस्थिती: नुसते नाणे उडवून पैजा लावणाऱ्यालाही शंभरात 55 किंवा अधिक जिंकण्याची शक्यता सुमारे 18 टक्के असते. फुशारकी मारतात ते या 18 टक्क्यांतले. बाकीचे गप्प बसतात.

गैरसमज: भरपूर डेटा असला की धोका उरत नाही.

वस्तुस्थिती: मार्च 2024 मध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या टोरंटो रॅप्टर्सचा खेळाडू जॉन्टे पोर्टर आजारी असल्याचे सांगून जेमतेम तीन मिनिटांत मैदानाबाहेर गेला. त्याची कामगिरी आकड्याच्या खालीच राहणार, यावर आधीच मोठी पैज लागली होती. एप्रिलमध्ये एनबीएने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. अशी आतली खबर कोणत्या रकान्यात भरणार?

आणि आपल्याकडे? 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हा बचाव तिथे चालत नाही. त्यामुळे मॉडेल कितीही अचूक असले, तरी त्याच्या भरवशावर ऑनलाइन पैज घेणारे ॲप भारतात बेकायदाच.