पाण्यावरून टाकायची की अलीकडे थांबायचं? डिस्क गोल्फचा साधा हिशेब

हातात चकती, समोर तळं आणि पलीकडे साखळ्यांची लोखंडी टोपली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लेस्टर इथल्या मेपल हिल या मैदानावर सुरुवातच अशी होते. ख्रिसमस ट्रीच्या शेतात वसलेलं हे मैदान भल्याभल्यांचा घाम काढतं.

खेळ गोल्फसारखाच, कमीत कमी थ्रोमध्ये चकती टोपलीत पडली पाहिजे. साखळ्यांची ही टोपली १९७० च्या दशकात एड हेड्रिक यांनी आणली.

खरी गंमत पाण्यापाशी. चकती पाण्यात गेली की एक थ्रो दंड. पुन्हा त्याच जागेवरून टाकायचं तर तो तिसरा थ्रो धरला जातो. उलट, आधी अलीकडच्या काठावर टाकून मग पलीकडे गेलं, तर खर्च दोनच. म्हणजे तीनपैकी निदान दोन वेळा चकती पार जाते, अशी खात्री नसेल तर धाडस तोट्याचंच.

झाडीत जोर कामाला येत नाही. उजव्या हाताने बॅकहँड टाकलेली चकती वेग कमी होताच डावीकडे वळते. डावीकडे पाणी असेल तर नेम उजवीकडे धरावा. पाठीमागून वारा असेल तर चकती लवकर खाली बसते. अरुंद वाटेवर लांब जाणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा मिडरेंज किंवा पटर बरी.

आणि हो, बहुतेक चकत्या पाण्यात बुडतात. दंड एका थ्रोचा, पण चकतीचे पैसे वेगळे!