एक महागडा की दोन साधे?

लग्नाची तारीख निघाली की आधी कार्यालय ठरते, मग आचारी, मग फोटोग्राफर. फोटोग्राफरशी बोलणे सुरू झाले की पैशांच्याही आधी प्रश्न येतो, 'कॅमेरा कोणता आहे तुमचा?' उत्तरातले विचारणाऱ्याला किती कळते हा भाग वेगळा. नाव परदेशी, लेन्स लांब आणि आकडा लाखांतला असला की माणूस निर्धास्त होतो. याच्या उलट बाजूला 'कॅमेऱ्यात काय आहे, नजर पाहिजे' असे म्हणणारा पक्ष आहे. कोल्हापूर जिल्ह्यात या पक्षाला दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ साली कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारकच उभे आहे. घरी केलेल्या यंत्रावर सिनेमा होतो, तर लग्नाचे चार फोटो का होऊ नयेत?

पण हा दाखला नीट पाहिला तर वेगळेच सांगतो. नजर बाबूरावांकडे होतीच, ते पेंटरच होते. तरी यंत्रावाचून काम अडले आणि त्यासाठी त्यांना इतकी खटपट करावी लागली. कॅमेऱ्याकडून नेमके काय करून हवे आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि तेवढे करणारा कॅमेरा त्यांनी घडवला. लग्नाच्या फोटोग्राफीतही 'उंची की साधे' याआधी हाच प्रश्न सोडवायला हवा: त्या दिवशी यंत्राकडून काय काय करून घ्यायचे आहे?

मलकापूर हे शाहूवाडी तालुक्याचे बाजाराचे गाव, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडचे. गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर होणाऱ्या लग्नांत उजेड एकाच दिवसात चार तऱ्हा दाखवतो. सकाळी दारातल्या मांडवात हळद. वर लाल-पिवळे कापड, म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावर हळद लागायच्या आधीच रंग चढलेला. दुपारचा मुहूर्त असेल तर बाहेर वैशाखाचे ऊन आणि आत अंधूक कार्यालय. गोरज असेल तर दिवस मावळताना अक्षता. रात्री वरातीत डॉल्बीपुढे भिरभिरणारे एलईडी. या चारही ठिकाणी अडचण एकच, उजेड पुरेसा नसतो किंवा सारखा नसतो. उंची कॅमेऱ्याची बाजू इथेच सर्वांत भक्कम दिसते, म्हणून हिशेब इथेच मांडून पाहू. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. त्याहून स्वस्त कॅमेऱ्यांतला सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या निम्म्याहून लहान. म्हणजे जादा लाखभर रुपये मोजून उजेड गोळा करणारी जागा वाढते ती सव्वादोन ते अडीच पट. आता लेन्सकडे पाहा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स लांब केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट उजेड आत घेते आणि दहा हजारांच्या आसपास मिळणारी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स जवळजवळ दहापट. सव्वादोन पटीला लाख आणि दहा पटीला दहा हजार! हे गणित दुकानदार आपणहून सांगत नाही, त्याचा धंदा आहे.

गणितात एक मेख आहे, तीही सांगायला हवी. एफ १.८ वर नवरीचा डोळा लख्ख येतो आणि दोन पावले मागे उभा असलेला नवरदेव धूसर होतो. शिवाय ५० मिलिमीटरची लेन्स लहान सेन्सरवर फार जवळचे दाखवते. स्टेजवर मामा, करवल्या आणि भटजी दाटीने उभे असताना मागे सरकायला जागा नसते. म्हणून एफ २.८ ची झूम लागतेच. पण ती कॅमेरा कंपनीचीच हवी असे नाही. टॅमरॉन, सिग्मा यांच्या लेन्स बऱ्याच कमी किमतीत तेच काम करतात. उरलेली उणीव फ्लॅश भरून काढतो, वापरता येत असेल तर. कार्यालयाच्या पांढऱ्या छताकडे वळवलेला फ्लॅश सगळीकडे मऊ उजेड पसरवतो. तोच मांडवात वर वळवला तर कापडाचा लाल रंग घेऊन खाली येतो. तिथे दिवा स्टँडवर लावून बाजूने उजेड द्यावा लागतो. एलईडीचेही तसेच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर फार वेगात ठेवले की फोटोत आडवे पट्टे उमटतात. महागड्या कॅमेऱ्यात यावर खास सोय असते. पण शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणून फ्लॅशने हालचाल गोठवली, तर मुख्य दिव्यांपुरते तेच काम फुकटात होते.

फोटो किती मोठा छापायचा, हा दुसरा मुद्दा लवकर निकालात निघतो. आपल्याकडचा करिझ्मा अल्बम उघडला की पान साधारण १२ बाय ३६ इंचाचे, म्हणजे एका बाजूला १२ बाय १८. इंचाला ३०० ठिपके धरले तरी एका बाजूला एक कोटी चौऱ्याण्णव लाख ठिपके पुरतात. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याहून जास्तच देतो. पंचेचाळीस मेगापिक्सेलने वाढते ती हार्ड डिस्क. त्यातले निम्मे फोटो शेवटी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरच जायचे असतात.

मग भाच्याचा मोबाइल काय वाईट, असे कुणी विचारील. भर उजेडात खरेच वाईट नाही. पण अंधार पडला की मोबाइल एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फोटो घेतो आणि ते जोडून एक करतो. स्थिर चेहऱ्याला ही युक्ती लागू पडते. अंतरपाट खाली येतोय, अक्षता उडताहेत, नवरी हार घालायला हात उचलतेय, अशा वेळी जोडलेल्या चित्रात हात पुसट होतात. अंतरपाट दुसऱ्यांदा धरत नाहीत.

आणि म्हणूनच खर्च करायची खरी जागा वेगळी आहे. लग्न परत होत नाही, तेव्हा यंत्राने दगा न देणे हा त्याचा पहिला गुण. कॅमेऱ्यात कार्डाच्या दोन जागा असाव्यात, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन ठिकाणी लिहिला जातो. २०१८ साली निकॉनचा झेड ६ एकाच कार्डाचा आला तेव्हा लग्नाचे काम करणाऱ्यांनी जगभर नाके मुरडली. २०२० च्या झेड ६ टू मध्ये कंपनीने दोन जागा दिल्या. ही चैन नव्हे, पोटापाण्याची गरज आहे. टिकाऊपणाचेही तसेच. एका लग्नात दोन हजार क्लिक धरले तर पन्नास लग्नांत लाख होतात. मधल्या वर्गातल्या कॅमेऱ्याचे शटर दीड-दोन लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेले असते, अगदी स्वस्तातल्या कॅमेऱ्यांचे बहुधा त्याहून कमी. त्यामुळे 'कुठलाही कॅमेरा चालतो' हे म्हणणे पहिल्या हंगामापुरते खरे, दुसऱ्या हंगामात ते अंगाशी येते.

इथे मलकापूरचा फोटोग्राफर आणि पुण्याचा फोटोग्राफर यांच्यात फरक पडतो, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. पुण्यात सकाळी कॅमेरा बंद पडला तर मुहूर्ताआधी भाड्याने दुसरा आणता येतो. मलकापूरहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर; जाऊन येईपर्यंत पंगती उठलेल्या असतात. शेजारच्या फोटोग्राफरकडे मागावा, तर दाट तिथीला तोही लग्नातच असतो. मुंबईचे चाकरमानी सुट्टीला गावी येतात त्या मे महिन्यात तर हमखास. म्हणजे लहान गावातल्या माणसाला कमी सामान चालते हा समज उलटा आहे. जोडीचा कॅमेरा, जादा बॅटऱ्या, जादा फ्लॅश यांची गरज त्याला शहरातल्यापेक्षा जास्त. अडीच लाखांचा एक कॅमेरा घेऊन गळ्यात मिरवण्यापेक्षा त्याच पैशांत पाच-सहा वर्षे जुने पण शटर काउंट तपासून घेतलेले दोन कॅमेरे आणि एक चांगली लेन्स घेणे हा शहाणपणाचा व्यवहार. शाहूवाडीच्या पावसात लेन्सला बुरशी धरते, तेव्हा चार महिने सामान कोरडे ठेवणारे कपाटही याच पैशांतून यायला हवे. बुरशीने काचेवर जाळे विणले की लेन्सची किंमत किती होती याला अर्थ उरत नाही.

यावर धंद्यातल्या लोकांचे उत्तर ठरलेले आहे: गिऱ्हाईक मोठा कॅमेरा बघूनच ऑर्डर देते. हे खरे आहे, आणि त्याला थोडी रास्त बाजूही आहे. मोठा काळा कॅमेरा दिसला की पाहुणे बाजूला होऊन वाट देतात, लहान कॅमेऱ्यापुढे हलत नाहीत. पण रुबाबासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता बाराही महिने येतो आणि लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतच चालते. तो हप्ता भरायला फोटोग्राफर एकाच तारखेला दोन ऑर्डरी घेतो आणि दुसऱ्या लग्नाला शिकाऊ पोरगा पाठवतो. उंची कॅमेऱ्याचा भुर्दंड असा दुसऱ्याच घराला बसतो. ज्यांचे कामच मोठ्या शहरांतल्या दिमाखदार लग्नांचे आहे, जिथे व्हिडिओ तासन्‌तास चालतो आणि हॉलमधले दिवे मुद्दाम मंद केलेले असतात, त्यांनी खुशाल लाखांचे सामान घ्यावे. त्यांना ते वसूल करून देणारे गिऱ्हाईक आहे.

ऑर्डर देताना कॅमेऱ्याचे नाव विचारू नका. निवडक दहा फोटोंऐवजी एका लग्नाचा अख्खा अल्बम पाहायला मागा, गोरज मुहूर्ताचा असेल तर उत्तम. आणि दोन गोष्टी विचारा: अक्षता पडताना दुसरा कॅमेरा कुठे असेल, आणि त्या रात्री फोटो किती ठिकाणी उतरवून ठेवणार? उत्तर चाचपडत आले तर इसाराचे पैसे खिशातच राहू द्या.