जर्मन ताट, जर्मन पेला आणि आपले बऱ्हाणपूर

जर्मनीच्या प्रवासाला निघालेल्या आपल्याकडील मंडळींना दोन शंका हमखास पडतात. शाकाहारी माणसाची तेथे उपासमार होते काय, ही पहिली; आणि बिअर म्हणजे तेथले पाणीच, तेव्हा ती घेण्यास हरकत नसावी ना, ही दुसरी. काही वर्षांपूर्वी मी सपत्नीक बव्हेरिया प्रांतात प्रवास केला, तेव्हापासून स्नेही मला हे विचारीत आले आहेत. पहिल्या शंकेचे उत्तर आनंदाचे आहे. दुसरीचे उत्तर देताना मात्र मला तापीकाठचा आपल्याच गावाचा इतिहास आठवतो.

मांसाहारी प्रवाशाची तेथे चैनच असते. वासराचे मांस आणि डुकराची चरबी यांचे पांढरे सॉसेज, म्हणजे वाइसवुर्स्ट, गोडसर मोहरीबरोबर आणि तेही दुपारी बाराच्या आत खाण्याचा म्युनिकचा प्रघात आहे. शीतकपाटे नव्हती तेव्हा ते दुपारपर्यंत टिकत नसे, हे त्यामागचे कारण. शाकाहाऱ्याने बटाट्याचे उकडलेले गोळे, राईची काळसर पोळपाव आणि ब्रेझेल मागवावे. ब्रेझेलची ती चकचकीत तपकिरी साल कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवून भाजल्याने येते, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी हातातला तुकडा क्षणभर खाली ठेवला होता! सावरक्राउट म्हणजे बारीक चिरलेली, मीठ लावून दाबून आंबवलेली कोबी. आपल्या दह्यातील जिवाणूंचेच भाऊबंद तेथे काम करतात. मात्र ती शिजवताना डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे, म्हणून विचारून घ्यावे.

परंतु मला सर्वांत भावली ती तेथील बिअरबाग. तिची कथा मोठी रंजक आहे. १५५३ च्या एका राजाज्ञेनुसार बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर तयार करण्यास बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती बिघडे. साहजिकच वसंतात केलेली बिअर तळघरांत साठवावी लागे. तळघर थंड राहावे म्हणून वर चेस्टनटची दाट सावलीची झाडे लावीत आणि खडी पसरीत. त्या सावलीत लोक पेले घेऊन बसू लागले. गावातील खानावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा राजा माक्सिमिलियन पहिला योझेफ याने १८१२ साली तोडगा काढला : बिअरवाल्यांनी बिअर विकावी, पण पावाखेरीज खाद्यपदार्थ विकू नयेत. म्हणून लोक घरूनच शिदोरी आणू लागले. पारंपरिक बागेत आजही पेय तेथलेच घ्यावे लागते, खाणे मात्र आपले चालते. आम्ही म्युनिकच्या एंग्लिशर गार्टनमध्ये चिनी मनोऱ्याखाली बसून मेथीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. शेजारच्या वृद्ध जोडप्याने चटणी चाखली आणि आम्हाला मीठ लावलेला मुळा दिला. तो मुळा तेथे बिअरबरोबर आवर्जून खातात.

आता पेल्याकडे वळू. १५१६ च्या प्रसिद्ध शुद्धतेच्या नियमात जव, हॉप आणि पाणी एवढ्याच घटकांचा उल्लेख होता. किण्वाचे कार्य तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. शुद्ध म्हणजे निरुपद्रवी मात्र नव्हे. 'मास' म्हणजे एक लिटरचा पेला. बिअरमध्ये पाच टक्के मद्यार्क धरला तर एका मासमध्ये सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क जातो. आपल्याकडील ३० मिलिलिटर व्हिस्कीत तो साधारण १० ग्रॅम असतो. म्हणजे ज्याला आपण पाणी समजतो, तो एक पेला चार पेगांच्या बरोबरीचा! ऑक्टोबरफेस्टची बिअर तर सुमारे सहा टक्क्यांची असते. १८८४ मध्ये म्युनिकच्याच ओटो बोलिंगर या विकृतिशास्त्रज्ञाने अतिरेकी बिअरपान करणाऱ्यांची विस्तारलेली हृदये वर्णिली. 'म्युनिकचे बिअरहृदय' हे नाव तेव्हापासून वैद्यकात रूढ झाले.

प्रमाण सुटल्याचे दाखले शोधण्यास आपल्याला म्युनिकला जाण्याचेही कारण नाही. अकबराचा पुत्र दानियाल बऱ्हाणपुरातच मद्यापायी गेला. बापाने पहारे बसवले, तेव्हा त्याच्या माणसांनी बंदुकीच्या नळीत भरून दारू आत पोहोचवली. नळीचा गंज आणि बंदुकीच्या दारूचा अंश त्यात उतरला, असे जहांगीराने आठवणींत नोंदवले आहे. ज्या बंदुकीतून ती आली, तिच्या नावातच दानियालने 'जनाजा' हा शब्द घातला होता. पुढे १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो येथे आला. त्याने शाहजादा परवेझला मद्याच्या बाटल्यांची पेटी नजर केली. शाहजादा इतका झिंगला की ठरलेली पुढची भेट झालीच नाही. हा परवेझही १६२६ मध्ये येथेच मद्यापायी वारला.

बंदुकीची नळी आज राहिली नाही, पण लपवाछपवी तशीच आहे. आपल्या दवाखान्यात नातेवाइकांसमोर 'मी घेत नाही' म्हणणारा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरू लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, आणि मग सर्वांची धावपळ उडते. असे प्रसंग मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. म्हणून आता हा प्रश्न मी रुग्णाला एकटा घेऊनच विचारतो. त्या बागेत माणसे उघड्यावर, जेवताखाताना, नातवंडांच्या देखत आणि सावकाश पीत होती. रिकाम्या पोटी, घाईने आणि चोरून पिण्याहून हे निराळे खरे. परंतु त्यामुळे मद्य सुरक्षित ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे प्रमाणच नाही.

जो घेत नाही त्याने तेथे जाऊन आरंभ करण्याचे कारण नाही. ०.५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली 'मद्यमुक्त' बिअर तेथे बहुतेक ठिकाणी मिळते. थेंबही नको असेल त्याने सफरचंदाचा रस आणि सोडा यांचे आप्फेलशोर्ले मागावे. घेणाऱ्याने अर्ध्या लिटरचा पेला सांगावा आणि आधी पोटात काही घालावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी विशेष जपावे, कारण उपाशीपोटी मद्य घेतल्यास साखर काही तासांनी, झोपेतही उतरू शकते. प्रवासात जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर पेला दूर ठेवावा. गाडी भाड्याने घेतली असल्यास चालकाने आप्फेलशोर्लेच घ्यावे.