हातोडा पडण्याआधी यादीत नाव हवे

१९१३ साली बाबासाहेब शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा तिथल्या पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य दगडी इमारत अवघी तीन वर्षांची होती. १९६३ साली रेल्वे कंपनीने ती पाडायला घेतली. शहरातले नामवंत वास्तुविशारद त्याआधीच फलक घेऊन रस्त्यावर उतरले होते. उपयोग शून्य! कारण मालकी कंपनीची होती आणि मालकाचा हात धरणारा कायदाच नव्हता.

त्या धक्क्यातून शहर जागे झाले. १९ एप्रिल १९६५ रोजी महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी कायद्यावर सही केली आणि लँडमार्क्स प्रिझर्वेशन कमिशनला, म्हणजे वास्तुजतन आयोगाला, कायद्याचे बळ मिळाले.

आयोगाची रचना पाहण्यासारखी आहे. एकूण ११ सदस्य. त्यांत किमान तीन वास्तुविशारद, एक इतिहासकार आणि शहराच्या पाचही विभागांतला निदान एकेक रहिवासी असलाच पाहिजे. इमारत किमान ३० वर्षे जुनी असेल, तर तिच्यासाठी कोणीही साधा नागरिक अर्ज करू शकतो. आयोग अभ्यास करतो, जाहीर सुनावणी घेतो, मालकाचेही ऐकतो आणि मतदान करतो. शहर परिषद तो निर्णय फिरवू शकते. मात्र एकदा दर्जा मिळाला की आयोगाच्या परवानगीशिवाय इमारत पाडता येत नाही, तिचे बाह्यरूपही बदलता येत नाही. आज सुमारे ३८ हजार इमारती आणि जागा या छत्राखाली आहेत.

मालक गप्प बसतील कसे? ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर ५० हून अधिक मजल्यांचा मनोरा बांधायला आयोगाने नकार दिला, तेव्हा कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. आमची मालमत्ता भरपाई न देता हिरावली, असा तिचा दावा होता. १९७८ साली न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. स्टेशन चालू आहे, उत्पन्न मिळते आहे, न वापरलेला बांधकाम हक्क जवळपासच्या जागेवर नेता येतो. मग हिरावले काय? आपल्याकडे ज्याला टीडीआर म्हणतात, तोच हा मार्ग.

पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ब्रुकलिनमध्ये विक्सव्हिल नावाची वस्ती होती. न्यूयॉर्क राज्यात १८२७ साली गुलामगिरी संपली, पण काळ्या पुरुषाला मत द्यायचे तर त्याच्याकडे अडीचशे डॉलरची स्थावर मालमत्ता हवी, ही अट कायम होती. म्हणून जमीन म्हणजे मताचा अधिकार! १८३८ साली जेम्स विक्स या गोदी कामगाराने तिथे जमीन घेतली आणि स्वतंत्र काळ्या माणसांचे गाव उभे राहिले. त्यांची स्वतःची शाळा होती, स्वतःचे वृत्तपत्र होते. १८६३ च्या दंगलीत मॅनहॅटनमधून जीव वाचवून पळालेल्यांना याच वस्तीने आसरा दिला.

पुढे शहर वाढले आणि विक्सव्हिल विस्मृतीत गेले. १९६८ साली एका इतिहास अभ्यासकाला विमानातून पाहताना जुन्या हंटरफ्लाय रस्त्यावरची चार लाकडी घरे दिसली. मग शेजारपाजार कामाला लागला. वस्तीतल्या शाळेची मुले आयोगाच्या सुनावणीत जाऊन बोलली. १९७० साली त्या घरांना दर्जा मिळाला. ती आजही उभी आहेत. त्यांना ना संगमरवर, ना घुमट; पण इतिहास आहे.

मुंबईतही १९९५ पासून वारसा नियम आहेत, श्रेणी आहेत, वारसा संवर्धन समिती आहे. समिती सल्ला देते, निर्णय पालिका आयुक्तांचा. नियमांत केवळ सौंदर्य नव्हे, तर ऐतिहासिक आणि सांस्कृतिक महत्त्वही निकष आहे. तो निकष आपण किती वेळा वापरला? २०१६ च्या जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना पहाटेच्या अंधारात जमीनदोस्त झाला. मग मोर्चे निघाले, आपण सारे संतापलो. संताप रास्तच होता. पण पडलेल्या भिंतीला कोणतीही समिती दर्जा देऊ शकत नाही.

वकील म्हणून सांगतो, मोर्चाइतकीच फाईलही महत्त्वाची आहे. चळवळीची वसतिगृहे, चाळीतल्या खोल्या, सभांची मैदाने, जुने छापखाने यांची यादी गावोगाव करा. मालमत्तेचे उतारे काढा, जुने फोटो गोळा करा, वयोवृद्ध कार्यकर्त्यांचे जबाब नोंदवून घ्या आणि रीतसर अर्ज करा. समिती आपल्या दारी येईल याची वाट पाहू नका.

विक्सव्हिलची शाळकरी पोरे सुनावणीला वेळेत पोहोचली. आपण केव्हा पोहोचणार?