विद्यार्थी-नोंदींची मजकूर-फाइल : दुरुस्ती व क्रमवारी

जनरल रजिस्टरातील नोंदींची प्रत संगणकावर ठेवावयास साधी मजकूर-फाइल पुरते. एका ओळीत एक विद्यार्थी असावा. रजिस्टर क्रमांक, नाव, जन्मतारीख व इयत्ता हे रकाने उभ्या रेघेने वेगळे करावेत. स्वल्पविराम पत्त्यातही येतो, सबब तो टाळलेला बरा.

अशा फाइलीवर चालणारी स्क्रिप्ट म्हणजे क्रमाने लिहून ठेवलेल्या आज्ञा होत. १९७७ मध्ये बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर व कर्निघन यांनी 'ऑक' ही भाषा अशाच कामासाठी निर्माण केली. ती एकेक ओळ वाचते, सांगितलेल्या क्रमांकाची ओळ आली की इयत्तेचा रकाना बदलते व बाकीच्या ओळी जशाच्या तशा उतरविते.

ओळ क्रमांकावरूनच शोधावी, नावावरून नव्हे. 'कुऱ्हाडे' हे आडनाव संगणकात दोन रीतींनी लिहिले जाते. डोळ्यांस दोन्ही सारखीच. यंत्रास मात्र भिन्न. मग ती नोंद दुरुस्तीवाचून राहते, आणि कोणास कळतही नाही. जन्मतारखेस तर स्क्रिप्टचा हात लावूच नये. ती रजिस्टरावरून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते आणि मुलास जन्मभर पुरते.

क्रमवारी लावणारी 'सॉर्ट' ही आज्ञा मूळची अक्षरे पाहते, अर्थ पाहत नाही. म्हणून १० हा अंक २ च्या आधी येतो. इंग्रजी अंकांसाठी संख्येनुसार लावण्याचा पर्याय आहे. देवनागरी अंक त्यास उमगत नाहीत. यावर जुना उपाय चांगला : ००२, ०१० असे सारख्या लांबीचे क्रमांक लिहावेत. तारीखही १५-०६-२०१६ अशी लिहिल्यास दिवसावरून लागते. २०१६-०६-१५ अशी लिहिल्यास आपोआप नीट लागते. नावांचे थोडे निराळे आहे. आपण 'ज्ञ' वर्णमालेच्या शेवटी शिकवितो. निव्वळ संकेतांकांनुसार लावल्यास ज्ञानेश्वर 'ज' च्या पोटात सापडतो. यादीत तो नाही असे समजून त्यास पुन्हा दाखल करू नये!

स्क्रिप्टचे उत्तर बाणाच्या चिन्हाने मूळ फाइलीतच वळवू नये. वाचन सुरू होण्यापूर्वीच ती फाइल रिकामी होते. नव्या नावाने फाइल करावी, दोहोंतील ओळी मोजाव्यात, बदललेल्या ओळी कागदी रजिस्टराशी ताडाव्यात आणि जुनी प्रत दिनांक घालून निराळी ठेवावी.