ढेपेतलं विष, वितळणारं जेल

अकोल्याच्या सरकी ढेपेच्या भावाकडे देशभरच्या व्यापाऱ्यांचं लक्ष असतं. एनसीडीईएक्स या वायदेबाजारातल्या ढेपेच्या वायद्याला नावच अकोल्याचं आहे. जिनिंगमधून सरकी येते, तिचं तेल निघतं आणि उरलेली ढेप अमरावती-अकोल्याच्या गोठ्यांत जाते. पूर्णाथडी म्हशीला ढेप घातली की दुधाला फॅट लागते, हा हिशेब गवळ्यांना पाठ असतो.

ढेपेच्या पोत्यांना ओल लागली की हा हिशेब बिघडतो. ॲस्परजिलस फ्लेवस ही हिरवट बुरशी ढेपेत ॲफ्लाटॉक्सिन बी1 तयार करते. जनावराच्या पोटात गेलेल्या या विषाचा थोडा भाग एम1 होऊन दुधात उतरतो आणि दूध कितीही उकळलं तरी जात नाही. दुधातल्या एम1 ला कायद्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या 6,432 पैकी 368 नमुने तिच्या वर निघाले. लॅक्टोमीटरला यातलं काही कळत नाही.

उरते प्रयोगशाळा. नमुन्याचा अहवाल द्यायला अन्न विश्लेषकाला कायद्याने 14 दिवस मिळतात. तोवर ते दूध पिऊनही झालेलं असतं.

डीएनए जेलची धडपड हे दिवस मिनिटांवर आणण्याची आहे. इथे डीएनए वंशाबिंशाचं काही सांगत नाही, नुसतं दोऱ्याचं काम करतं. ठरावीक रेणूलाच बिलगणारे तुकडे, म्हणजे ॲप्टामर, निवडून काढायची पद्धत 1990 मध्ये अमेरिकेत सापडली. पॉलिमरच्या साखळ्या या तुकड्यांनी टाचल्या की जेल घट्ट बसतं. विषाचा रेणू आला की ॲप्टामर साखळ्या सोडून त्यालाच गुंडाळतो; टाके उसवतात, जेल विरघळतं.

चीनच्या शियामेन विद्यापीठातल्या गटाने 2016 मध्ये ॲफ्लाटॉक्सिन बी1 साठी असंच जेल केलं. त्यात कोंडलेले प्लॅटिनमयुक्त सूक्ष्म कण सुटले की हायड्रोजन पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन निघतो आणि त्याच्या दाबाने बारीक वाटेतली शाई पुढे सरकते. ती कुठवर गेली, ते डोळ्यांनी वाचायचं. मोठं यंत्र लागत नाही. तपासली मात्र होती बिअर!

ढेपेचं काम इतकं सोपं नाही. तेलकट, घट्ट मालातून विष आधी मिथेनॉलसारख्या द्रावकाने बाहेर काढावं लागतं. त्याहून अवघड गोष्ट थप्पीपाशीच आहे: एका पोत्याचा कोपरा बुरशीने भरलेला, शेजारचं पोतं स्वच्छ. त्यामुळे जेल कितीही तल्लख असलं तरी वर-खालच्या, आतल्या-बाहेरच्या पोत्यांतून ढेप काढायची, कुटून एकत्र करायची आणि मगच त्यातला चिमूटभर नमुना घ्यायचा, हे काम माणसालाच करावं लागतं.