घाटाची वाट वळणाची का?

मलकापूरहून बुलढाण्याला जाणारी एस. टी. तुम्ही कितीदा तरी धरली असेल. मोताळा मागे पडते, राजूर येते. मग समोर डोंगर उभा राहतो आणि रस्ता वळणे घेऊ लागतो. लहान मुले खिडकीला चिकटून बसतात. खालची शेते गोधडीच्या ठिगळांसारखी दिसू लागतात. हाच राजूर घाट.

हा डोंगर अजिंठ्याच्या रांगेतला. त्याने आपल्या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे घाटावर. आगगाडी घाटाखालून जाते. बुलढाणा शहर समुद्रापासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तिथे आजही रेल्वे नाही. म्हणून दवाखाना असो, कचेरी असो की सोयरीक, घाटाखालच्या माणसाला घाट चढावाच लागतो.

या डोंगराची आणखी एक गंमत सांगतो. घाटाखाली वाहणाऱ्या नळगंगेचे पाणी पूर्णेला, पूर्णेचे तापीला आणि तापीचे पश्चिमेच्या समुद्राला मिळते. घाटावर मढजवळ उगवणाऱ्या पैनगंगेचे पाणी शेवटी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जाते. एकाच डोंगरावरचा पाऊस, पण वाटा दोन!

आता मूळ प्रश्न. रस्ता सरळ वर का नेला नाही? शाळेत मुले मला हेच विचारीत.

ज्वारीचे पोते पाठीवर घेऊन उभ्या शिडीने चढून पाहा. दम लागतो. तीच शिडी तिरपी लावली तर चढणे सोपे, पण शिडी लांब लागते. रस्त्याचेही तसेच. समजा, डोंगर ६०० फूट उंच आहे. सरळ रस्ता ३,००० फुटांचा केला, तर दर ५ फुटांना १ फूट चढ येईल. भरलेली गाडी बैल कशी ओढणार? तोच रस्ता वळणे देऊन १२,००० फुटांचा केला, तर २० फुटांना १ फूट चढ येतो. चाल वाढते, पण चढ सोसतो.

घाटात कापलेला खडक नीट पाहा. तो काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला तापलेला रस आहे. तो पसरला, निवला, त्यावर पुन्हा नवा रस आला. भाकरीवर भाकरी ठेवावी तसे थर झाले. काही थर टणक, काही मुरमाड. पावसाचे पाणी फटींत शिरते, मुरूम सैल होतो आणि दरड कोसळते. म्हणून रस्त्याच्या कडेला गटार आणि खालून मोरी ठेवतात. भिंतीला भोके ठेवतात, ती पाणी बाहेर पडावे म्हणून. त्या गटारात, मोरीत कचरा किंवा दगड टाकू नका. पाणी तुंबले की रस्ता खचतो.

चढ कठीण वाटतो, पण खरा धोका उतारात. आमच्या गावातले एक जुने गाडीवान म्हणत, "मास्तर, उतारावर बैलाले ढिलं सोडलं त गाडी बैलाच्याच आंगावर येते." माझ्या एका विद्यार्थ्याने हे ऐकले होते, पण तो विसरला. सोयाबीनची पोती भरून तो ट्रॅक्टर घेऊन घाट उतरत होता. थोडे डिझेल वाचावे म्हणून त्याने गिअर काढला. मागून ट्रॉलीने रेटा दिला. ब्रेक तापले आणि लागेनात. दरीकडे न जाता त्याने ट्रॅक्टर डोंगराच्या बाजूला गटारात घातला, म्हणून जीव वाचला. आज तो लंगडत चालतो. वाचलेले डिझेल किती? फार तर पेलाभर!

इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्ये असली, की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. बैलाच्या कासऱ्याचे काम ते करते. म्हणून हे नियम लक्षात ठेवा:

१. ज्या गिअरने घाट चढता, त्याच गिअरने उतरा. इंजिन बंद करू नका.
२. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा हलवणे अवघड असते.
३. वळणावर डावी बाजू सोडू नका. पुढच्या गाडीला ओलांडू नका.
४. मुसळधार पावसात दरडीखाली गाडी उभी करू नका.
५. बुलढाणा-खामगाव रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तिथे अस्वल, बिबट्या, रोही रस्ता ओलांडतात. गाडी हळू चालवा.

घाटाची वाट वळणाची आहे, कारण तिला आपल्याला सुखरूप वर न्यायचे आहे. ती घाई करीत नाही. आपणही करू नये. घरी कोणीतरी वाट पाहत असते, बरं का!